मागाचा आवाज

मिक्सर सुरू असताना कोणी बोलू लागले की मी उत्तर देत नाही, नुसता त्याच्या ओठांकडे पाहत राहतो. परवा दुपारी शेंगदाण्याचे कूट चालले असताना तेच झाले, आणि घरातल्यांनी नेहमीप्रमाणे त्याला माझा तिरसटपणा म्हटले. खरे तर ही सवय इचलकरंजीची आहे.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे गल्लोगल्ली, घराच्या भिंतीला भिंत लावून, मागांच्या शेड उभ्या राहिल्या. आमच्या शेजारच्या शेडमध्ये वडील मागावर होते. त्यांचा डबा घेऊन गेलो की हाक मारण्यात काही अर्थ नसे. आडवा धागा नेणारा धोटा एका टोकाहून सुटून दुसऱ्या टोकाला आदळला की त्याचा दणका पायाखालच्या फरशीतून वर येई. वडील ताग्यावरची नजर न हलवता दोन बोटे दाखवत, म्हणजे दोन मिनिटे थांब. चार माग पलीकडच्याने केलेली थट्टा ओठांवरूनच पोचे आणि हसणेही आवाजाविनाच होई. कानात कोणी कापसाचा बोळा घालत असे, कारण कापूस काय, हाताशीच; पण त्याने आवाज फारसा अडत नाही. रात्री मात्र वीज जाऊन माग थांबले की सारी गल्ली दचकून जागी होई.

पुढे वडिलांना बोलणे ऐकू येई, पण कळत नसे. सततच्या आवाजाने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे सूर जातात, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने गळतात आणि शब्दाचा नुसता सांगाडा उरतो. प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबल आवाजात फार तर आठ तास काम करावे, त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा, असा अनेक देशांतला हिशेब आहे. म्हणजे ९४ ला एकच तास. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० चालतात. मागाची शेड ती मर्यादा सहज ओलांडते, आणि वडिलांची पाळी बारा तासांची होती.

आवाजामुळे येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आजार म्हणून नोंदलेला होता, हे मला फार उशिरा कळले. लहान शेडना बहुधा तो कायदाच लागू होत नसे. आमच्या गल्लीत कोणाच्या नावापुढे हा आजार कधी लिहिला गेला नाही. मागवाल्यांना बोलण्याची रीत नाही, घरातही ओरडतात, एवढेच लोक म्हणत, आणि आम्ही मुलेही म्हणत होतो.