लोकलमध्ये परत चढताना : पीटीएसडीच्या उपचारांचा माझा अनुभव

घटना काय होती ते इथे लिहीत नाही. लोकलमधली होती, एवढं पुरे. लिहायचं आहे ते पीटीएसडीच्या, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या, उपचारांबद्दल, कारण त्यात रोज नेमकं काय करावं लागतं हे आधी कुणीच सांगत नाही.

मानसोपचार ओपीडीत पहिला प्रश्न आला : किती दिवस झाले? मोठ्या आघातानंतर झोप उडणं, दचकणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं हे सुरुवातीला बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपसूक ओसरतं. महिना उलटूनही ते टिकलं आणि कामाच्या आड येऊ लागलं, की डॉक्टर पीटीएसडीचा विचार करतात. मग 20 प्रश्नांचा कागद भरला. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण, एकूण 80. साधारण 31-33 च्या वर गेलं तर नीट तपासणी करतात. माझे 52 आले. नुसत्या आकड्यावर निदान ठरत नाही, पण पुढे उतार पडतोय की नाही ते याच कागदावर कळतं.

गोळी सर्ट्रालीनची, नैराश्यावरही देतात ती. पहिला आठवडा 25 मिलिग्रॅम, मग 50. मळमळ लगेच सुरू होते आणि गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या त्या दिवसांतच लोक गोळी सोडतात. एकदम बंद केली तर चक्कर येते, चिडचिड होते, म्हणून कमी करायची तीही डॉक्टरांना विचारूनच. आणि कुणीतरी दिलेली अल्प्राझोलाम, म्हणजे गुंगी आणणारी शांत करायची गोळी, झोपेसाठी घेऊ नका. तिची सवय लागते, शिवाय भीती आपोआप उतरते हे शरीराला शिकायचं असतं, त्यात ती आडवी येते.

खरं काम थेरपीत झालं. प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर म्हणतात तिला : दीड तासाची बैठक, साधारण 8 ते 15 वेळा. डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात सांगायची. ‘मी चढले होते’ असं नाही, ‘मी चढते आहे’. संपली की पुन्हा पहिल्यापासून. हे मोबाइलवर रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. मुंबईतल्या दोन खोल्यांत एकांत कुठून आणणार? मी गच्चीवर जाऊन ऐकायचे, संध्याकाळी, झोपायच्या बरंच आधी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात स्वप्नं वाढली. थेरपिस्टनी ते आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले. तुमच्या थेरपिस्टनी सांगितलं नसेल, तर तुम्ही विचारा.

दुसरा भाग शिडीचा. टाळत असलेल्या प्रत्येक गोष्टीला 0 ते 100 मध्ये भीतीचा आकडा द्यायचा आणि मधल्या पायरीपासून सुरुवात करायची. माझ्या वहीतली शिडी अशी होती :

पुलावर उभं राहून गाड्या बघणं, 35.
दुपारी दादरच्या फलाटावर बाकावर बसणं, 45.
दुपारी एकची स्लो, दादर ते माटुंगा, लेडीज डब्यात बसून, 60.
तीच गाडी, उभ्याने, 70.
सकाळची फास्ट, 90.

एकेक पायरी तीस-चाळीस मिनिटं, किंवा आकडा निम्म्यावर येईपर्यंत. दादर-माटुंगा हा काही मिनिटांचा प्रवास, म्हणून उतरून पुन्हा उलटी गाडी पकडायची, असं चार-पाच वेळा. घोटाळा इथेच होतो. आकडा 80 वर असताना उतरून टॅक्सी केली, तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती आणखी घट्ट बसते. दुसरा घोटाळा लपलेला असतो. कानात गाणी, हातात आईचा हात, डोळे मोबाइलवर. अशाने गाडीत बसून भागत नाही, कारण मन गाडीत नसतंच. आई सोबत यायला निघायची. थेरपिस्टनी तिला समजावलं, ‘काकू, सोबत नका जाऊ, घरी आल्यावर आकडा किती झाला ते विचारा.’ ते फार उपयोगी पडलं.

दारात उभं राहणं मात्र शिडीत कधीच नव्हतं. खरोखर धोक्याचं जे आहे त्याची भीती घालवायची नसते.

मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथली गर्दी बघता, दर आठवड्याला दीड तासाची बैठक मिळेल का हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. बाहेर खासगीत जाणार असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, आणि आघातावरच्या थेरपीचं प्रशिक्षण आहे का, हे बघा. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांची हालचाल करत आघाताच्या आठवणीवर काम करायची थेरपी, हाही सिद्ध झालेला उपचार आहे. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो.

बाराव्या बैठकीला कागदावर 17 गुण आले. वहीतली सकाळची फास्ट अजून 40 च्या खाली गेलेली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी तीच पकडते.