क्लासिक ३५०चा हेडलाइट: रिले बसले, आता दिव्याची दिशा

गाडी २०१४ची क्लासिक ३५०. नेसेलमधला (हेडलाइटभोवतीच्या पत्र्याच्या खोक्यातला) सात इंची गोल दिवा, एच४ बल्ब, ६०/५५ वॉट: अप्पर म्हणजे लांबचा उजेड ६०, डिपर म्हणजे जवळचा ५५. गावात हा उजेड पुरतो. डांबरी सोडून पांदणीला लागलं की डिपर पिवळट पडतो. दिवाळीनंतर कापसाच्या बंड्या रिफ्लेक्टरविना जिनिंगच्या वाटेला असतात आणि तुरीतून रोही (नीलगाय) कधी रस्त्यावर येईल याचा नेम नाही. निदान साठेक मीटर पुढचं स्वच्छ दिसलंच पाहिजे.

नवा बल्ब घेण्याआधी मोजमाप केलं. इंजिन चालू, अप्पर लावलेला: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर ११.९. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच मुरतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे चौदा टक्के व्होल्टेज गेलं की उजेड चाळीस टक्के जातो. पाच एचपीची मोटर बसवून अर्ध्या इंची नळीने ओलीत करावं, तसं हे चाललेलं असतं. पाच अँपिअरचा करंट किल्लीच्या स्विचमधून, तिथून हँडलवरच्या डिपर स्विचमधून आणि मग बारीक वायरीतून बल्बपर्यंत येतो. प्रत्येक कॉन्टॅक्ट थोडं थोडं खातो. यावर उपाय म्हणजे रिले: जुन्या वायरीतल्या थोड्याशा करंटने चालणारा स्विच, जो बल्बला सरळ बॅटरीवरून जाड वायरीने करंट देतो.

गळती कुठे आहे ते शोधायला मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी होल्डरच्या अप्पर पिनवर लावा. अप्पर लावलेला असताना येणारा आकडा म्हणजे प्लसच्या बाजूची गळती. तसंच बॅटरीच्या मायनसपासून होल्डरच्या अर्थपर्यंत मोजा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर आधी अर्थिंग सुधारा. गंजलेल्या अर्थवर रिले लावून काही साधत नाही.

इथे बरेच जण सरळ १००/९० चा बल्ब टाकतात. तो आठ अँपिअरच्या वर ओढतो, त्याच वायरीत गळती आणखी वाढते, डिपर स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात, प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चांदी काळी पडते. ६०/५५ लाच पूर्ण व्होल्टेज दिलं की पुष्कळ होतं, असं आमचं ठाम मत आहे.

लागलेलं सामान: १२ व्होल्ट ३० अँपिअरचे चार पिनांचे दोन रिले सॉकेटसह, १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज आणि त्याचा झाकणाचा होल्डर, २.५ चौरस मिमीची ऑटो वायर दोन मीटर, १.५ ची तीन मीटर, ०.५ ची दीड मीटर, सिरॅमिकचा एच४ होल्डर, जुन्या होल्डरात घुसेल असा एच४ मेल प्लग, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे) आणि हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी). वायर ऑटोचीच घ्या. घरगुती वायरीच्या जाड तारा बुलेटच्या थरथरीने आतल्या आत तुटतात, आणि पंपाच्या केबलचा उरलेला तुकडा अॅल्युमिनियमचा असू शकतो.

जोडणी अशी. खालचे ३०, ८५, ८६, ८७ हे रिलेच्या पिनांचे नंबर. बॅटरीच्या प्लसवरून निघाल्यावर एका वितीच्या आत फ्यूज, तिथून २.५ ची वायर दोन्ही रिलेंच्या ३० नंबरला. ८७ वरून १.५ ची वायर नव्या होल्डरला: एका रिलेची डिपरला, दुसऱ्याची अप्परला. ८५ अर्थला. ८६ ला मेल प्लगवरून येणारी जुनी डिपर किंवा अप्परची बारीक वायर. मूळ वायर कुठेच कापायची नाही. मेल प्लग काढला की गाडी कंपनीच्या अवस्थेत परत. रिलेच्या कॉइलवर डायोड असेल तर ८६ लाच प्लस गेला पाहिजे, उलट लावला तर डायोड जळतो. नव्या होल्डरची अर्थ नेसेलच्या पत्र्यावर सोडू नका, १.५ च्या वायरीने बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या.

फ्यूज १० चा का नाही? पासिंगचं बटण दाबलं की डिपर आणि अप्पर एकत्र पेटतात, ११५ वॉट होतात, करंट साडेनऊच्या आसपास जातो. बटण थोडं जास्त दाबून ठेवलं की १० चा फ्यूज उडू शकतो, आणि अंधारात दोन्ही दिवे एकदम जातात.

पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए रिकामी ठेवा. त्यात वायर गेली तर रिले बंद असतानाच दिवा पेटतो आणि रातभरात बॅटरी उतरते.

रिले नेसेलमध्ये कोंबले नाहीत. तिथे स्पीडोमीटर, अँमीटर आणि बल्बची उष्णता, जागा नाहीच. टाकीखाली फ्रेमला, पिना खाली तोंड करून बसवले, म्हणजे पाणी निथळून जातं. नेसेलमध्ये शिरताना वायरीला सैल वळसा ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. ताण पडला तर काही महिन्यांत तार तुटते. सांधे डागण्यापेक्षा क्रिंप करा (पकडीने दाबून बसवा), कारण डागाच्या कडेलाच वायर मोडते. गाडी कोठ्यात उभी राहत असेल तर सगळी वायर जाड स्लीव्हमध्ये घ्या, उंदीर पहिले तिथेच लागतात.

बल्बच्या काचेला बोट लावू नका. लागलं तर स्पिरिटने पुसा. मागचा रबर बूट घट्ट बसला पाहिजे, नाहीतर काळ्या मातीची धूळ आत जाऊन रिफ्लेक्टरवर बसते. ती कापडाने पुसली की चांदी निघते. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर बदलाच. जुन्या जीपचा सात इंची दिवाही बहुतेक वेळा या रिममध्ये बसतो. घेताना डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचाच घ्या: ई-मार्क (युरोपीय मानकाचा शिक्का) असेल तर समोरून पाहताना काचेवरचा बाण उजवीकडे दाखवतो. बाण नसलेला दिवा समोरच्याच्या डोळ्यात उजेड फेकतो.

आता होल्डरवर १३.४ व्होल्ट मिळतात. फरक डोळ्यांना लगेच जाणवतो, अप्परला तर जास्तच.

एलईडी बल्बचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. एच४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली छोटी ढाल असते आणि फिलामेंट ठरलेल्या जागी असतं. रिफ्लेक्टर त्यावरच बेतलेला. स्वस्त एलईडीत चिप त्या जागी येत नाही, उजेड विखुरतो. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश धुवारीत आणि थ्रेशरच्या धुळीत समोर पडद्यासारखा उभा राहतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही. वॉट न वाढवण्याचं तेही एक कारण. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत दिव्याला स्वतंत्र स्विच नसतो. त्यांनाही हीच जोडणी चालते, वेगळा स्विच घालू नका.

दिशेचं काम चालू आहे. सपाट ओट्यावर गाडी सरळ उभी, टायरात हवा बरोबर, चालवणारा बसलेला, भिंत दिव्यापासून ५ मीटरवर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची. डिपरची वरची कड त्याखाली ७ सेंमी आली पाहिजे. दिवा ९० सेंमी उंचीवर असेल तर उजेड साधारण ६४ मीटरवर जमिनीला टेकतो. मात्र मागे खताची बॅग बांधली की दिवा वर होतो, म्हणून ५० किलोची बॅग ठेवून पुन्हा मोजणं बाकी आहे. त्यात कड आखलेल्या रेषेच्या वर गेली, तर मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवून आधी मागची बाजू उचलून घ्यायची, दिव्याला हात नंतर.