तुमची एसटी रिकामी कोण करायची?

नांदेड जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या कातळावर वसलेला असला, तरी पूर्वेला किनवटच्या बाजूला जाऊ लागले की हा बेसाल्ट संपत जातो आणि त्याच्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट वर येतो. या ग्रॅनाइटमध्ये फ्लुओराइड असलेली खनिजे असतात. खोल बोअरचे पाणी त्या खडकाच्या फटींत वर्षानुवर्षे मुरलेले असते, त्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट अधिक असते, आणि त्यामुळे खडकातून सुटलेले फ्लुओराइड पुन्हा साक्याच्या रूपाने खाली न बसता पाण्यातच राहते. असे पाणी दिसायला नितळ असते, त्याला वास नसतो आणि चवीवरूनही काही कळत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लुओराइड असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. त्यापुढे आधी लहान मुलांच्या दातांवर पांढरे आणि तपकिरी पट्टे उमटतात, आणि प्रमाण बरेच जास्त असेल तर काही वर्षांनी मोठ्या माणसांच्या पाठीच्या कण्यात आणि सांध्यांत ताठरपणा येतो.

मी मटेरियल सायन्समध्ये पीएच.डी. करते आणि माझा विषय या फ्लुओराइडला धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र पदार्थांचा आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांच्या संयुगांपासून मी बारीक कण तयार करते, ते भट्टीत तापवते, क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांची रचना तपासते आणि ठरावीक फ्लुओराइड मिसळलेल्या पाण्यात ते टाकून किती फ्लुओराइड उरले ते मोजते. प्रयोगशाळेत हे आकडे फार चांगले येतात. त्याच्या जोडीला गावोगावच्या शाळांत जाऊन पाण्याविषयी बोलण्याचे काम मी पहिल्या वर्षापासून करत आले आहे. संशोधनातून वेळ काढून करायची ही समाजसेवा आहे असे अनेक सहकारी समजतात. मला ते कधीच पटले नाही, आणि किनवट तालुक्यातील एका गावी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने गेले, त्या दिवसापासून तर अजिबात पटत नाही.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला शोध जाहीर केला, म्हणून हा दिवस आपण विज्ञान दिन म्हणून पाळतो, आणि बहुतेक ठिकाणी तो भाषण, हार आणि वक्तृत्व स्पर्धेत संपतो. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तसे नको होते. त्यांनी आदल्या दिवशी मुलांना निरोप दिला होता की घरी जे पाणी पिता, ते स्वच्छ धुतलेल्या बाटलीत भरून आणा आणि बाटलीवर पाणी कुठले ते लिहा. सकाळी वर्गात शिरले तेव्हा सतरंजीवर शीतपेयांच्या, औषधाच्या, तेलाच्या अशा नाना तऱ्हेच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्यांवर वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या: ‘शाळेचा हापसा’, ‘आमच्या शेतातला बोअर’, ‘टाकीचा नळ’.

सोबत नेलेल्या चाचणी संचात झिर्कोनियम आणि एक रंगद्रव्य यांचे लालसर गुलाबी द्रावण होते. पाण्यात फ्लुओराइड असले की ते झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेते, रंगद्रव्य मोकळे होते आणि गुलाबी रंग उतरत जाऊन पिवळा होतो. मुलांनीच थेंब मोजून घातले. हापशाचे पाणी काही मिनिटांत पिवळे पडले, शेतातल्या बोअरचेही पडले, आणि टाकीचे पाणी मुळात बोअरचेच असल्यामुळे तेही त्याच वाटेने गेले. एकामागून एक नळ्या पिवळ्या होत असताना सुरुवातीला वर्गात जो उत्साह होता तो ओसरत गेला, कारण पिवळा रंग म्हणजे काय हे मी आधी सांगून ठेवले होते. यातली बरीच मुले हसताना ओठ मिटून घेतात हे मी आल्या आल्याच पाहिले होते. दातांविषयी बोलताना मी कोणाही मुलाकडे बोट दाखवले नाही, आणि असे कधी करूही नये असे माझे ठाम मत आहे. ज्याच्या त्याच्या तोंडात काय आहे ते त्याला ठाऊक असते.

एवढ्या नळ्यांमध्ये एक मात्र गुलाबीच राहिली. ती सातवीतल्या एका मुलीची होती. चाचणी चुकली असेल म्हणून तिने ती दुसऱ्यांदा केली, मग माझ्या हातून करवून घेतली, आणि प्रत्येक वेळी रंग तसाच राहिला. तिच्या चिठ्ठीवर ‘विहीर’ एवढेच लिहिलेले होते. विचारल्यावर ती म्हणाली, “आमच्या आजीला बोअरचं पाणी आवडत नाही. ती वड्याकाठच्या जुन्या विहिरीचंच पिते, म्हणून आम्ही सगळे तेच पितो.” त्या विहिरीवर आता गावातले दुसरे कोणी जात नव्हते. मी ती बाटली झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवली आणि इतर तीन-चार बाटल्यांबरोबर विद्यापीठात मोजायचे ठरवले.

दुपारी वऱ्हांड्यात गावकऱ्यांसाठी कार्यक्रम होता. सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि बऱ्याच बायका आल्या होत्या. पाणी उकळल्याने फ्लुओराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. घरातल्या कँडलच्या फिल्टरनेही ते जात नाही. हे सांगून झाल्यावर मी माझ्या पदार्थाकडे वळले. बाटलीतले पांढरे कण सर्वांच्या हातात दिले. अशा चांगल्या सच्छिद्र अ‍ॅल्युमिनाच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या, एका ग्रॅममध्ये आतल्या छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटरहून अधिक असू शकते, हे सांगितले की लोक हातातल्या चिमूटभर पुडीकडे पुन्हा पाहतात, तसे तिथेही झाले. मग फ्लुओराइड या कणांवर कसे बसते हे समजावण्यासाठी मी म्हटले, “हे कण म्हणजे एसटी समजा. आत ठरावीक जागा आहेत. फ्लुओराइड चढते आणि जागा धरून बसते, म्हणून खाली उतरणारे पाणी शुद्ध असते. पाण्यातले बायकार्बोनेटही त्याच जागांसाठी धडपडते. सगळ्या जागा भरल्या की पुढच्याला जागा नाही.”

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “मॅडम, येष्टी भरल्यावर ती रिकामी कोण करायची? आमची तर भरून कवाची उभी हाय.”

काही जण हसले, पण मावशी हसत नव्हत्या. त्या मला शाळेच्या मागे घेऊन गेल्या. हापशाला जोडलेले एक निळे पिंप तिथे उभे होते. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून ते बसवले गेले, चावी कशी फिरवायची ते मावशींना दाखवले गेले, उद्घाटन झाले आणि सुरुवातीचे काही महिने त्यांनी त्याच पाण्यात खिचडी शिजवली. त्यानंतर पाणी अगदी बारीक धारेने येऊ लागले आणि शेवटी त्यांनी हापशाचे पाणी थेट वापरायला घेतले. वरचे झाकण आम्ही दोघींनी मिळून काढले. आत अ‍ॅल्युमिनाचेच दाणे होते, पण ते एकमेकांना चिकटून त्यांचा तपकिरी थर झाला होता. हापशाच्या गंजलेल्या नळीतून आलेले लोह त्यांवर साचले होते आणि थर बोटाने फोडावा लागत होता. आतला दाणा मात्र अजून पांढरा होता. तो कण मी तळहातावर घेतला, तेव्हा हा पदार्थ नापास झालेला नाही, तो भरला आहे आणि त्याला कोणी मोकळे केलेले नाही, हे स्पष्ट दिसत होते.

दाणे मोकळे करण्याची रीत पुस्तकात आहे. सौम्य कॉस्टिक सोडा त्यांतून सोडला की फ्लुओराइड सुटून बाहेर येते, मग सौम्य सल्फ्युरिक आम्लाने दाण्यांचा आम्लारी गुण घालवला की ते पुन्हा वापरता येतात. मी हे मावशींना सांगितले. त्यांनी विचारले, “सोडा कुठं मिळतो? अ‍ॅसिड हाताला लागलं तर? अन् ते घाण पाणी वतायचं कुठं, परसातल्या वाफ्यात?” हे तीनही प्रश्न कोणत्याही परिसंवादात मला विचारले गेले नव्हते. कॉस्टिकचे ते पाणी जमिनीत ओतले तर काढलेले फ्लुओराइड अधिक तीव्र होऊन गावातच राहणार, आणि लेकरांना शिजवून घालणाऱ्या बाईंच्या हाती आम्लाची बाटली देणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. मी त्यांना म्हटले, “मावशी, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. काम करून घेऊन येते.”

परत आल्यावर आधी बाटल्या मोजल्या. आमच्याकडे फ्लुओराइड मोजण्यासाठी जो विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) आहे, त्याच्या टोकाला लँथॅनम फ्लुओराइडचा एकच स्फटिक बसवलेला असतो. त्यात युरोपियम हे मूलद्रव्य किंचित मिसळले की स्फटिकातल्या काही जागा रिकाम्या राहतात आणि त्या रिकाम्या जागांतून फ्लुओराइडचे आयन सरकत जातात. १९६६ साली निघालेले हे साधन आमच्या विषयातले फार देखणे काम आहे असे मला वाटते. हापशाच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅमहून अधिक फ्लुओराइड निघाले, तर विहिरीच्या पाण्यात ते १ च्याही खाली होते. उथळ विहिरीतले पाणी मुख्यतः पावसाचे आणि ओढ्याच्या पाझराचे असते. ते खडकाच्या सहवासात फार काळ राहत नाही, त्यामुळे बोअरपासून हाकेच्या अंतरावर असूनही त्याची जात निराळी असते.

मार्गदर्शक सरांशी बोलून मी प्रबंधाच्या आराखड्यात बदल केला. आता माझे प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात होत नाहीत, किनवटहून आणलेल्या बोअरच्या पाण्यात होतात, आणि त्यात बायकार्बोनेट असल्यामुळे पदार्थाची क्षमता आधीच्या आकड्यांच्या मानाने बरीच कमी भरते. तो कमी आकडाच मी आता तक्त्यात पहिल्या रकान्यात लिहिते. प्रत्येक नमुना मी भरते, मोकळा करते, पुन्हा भरते, आणि दर फेरीला क्षमता किती घटते ते नोंदवते. कॉस्टिकच्या वापरलेल्या द्रावणात चुन्याची निवळी घातली की त्यातले बरेचसे फ्लुओराइड कॅल्शियम फ्लुओराइडच्या साक्यात खाली बसते. हा साका पाण्यात फारच थोडा विरघळतो आणि तो कोरडा करून बंद डब्यात ठेवता येतो. हे सारे एका स्वतंत्र प्रकरणात येईल. परीक्षकांना ते नीरस वाटले तरी चालेल, पण ते प्रबंधात राहील.

गावासाठी मात्र माझ्या पदार्थाची वाट पाहण्याचे कारण नव्हते, आणि ते मी ग्रामसभेत जाऊन स्पष्ट सांगितले. पिण्याला आणि स्वयंपाकाला लागणारे पाणी थोडेच असते. तेवढे विहिरीतून भागले तर धुण्याभांड्याला बोअरचे पाणी वापरायला हरकत नाही. त्यावर बराच वाद झाला. विहिरीवर पालापाचोळा पडतो, ती उघडी आहे, पूर्वी तिच्या पाण्याने जुलाब झाले होते, या हरकती रास्त होत्या. पण जंतू मारायला ब्लिचिंग पावडर पुरते, फ्लुओराइडला तेवढ्याने काही होत नाही, हा फरक गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईंनी माझ्यापेक्षा सोप्या भाषेत पटवून दिला. विहिरीचा गाळ काढून वर जाळी बसवायची, पाणी दर महिन्याला तपासायचे आणि ते काम सातवी-आठवीच्या मुलांनी करायचे, असे ठरले. फ्लुओराइड जास्त असलेल्या हापशांना लाल रंग देण्यात आला.

गावाला लागून असलेल्या तांड्यावर अशी विहीर नाही. तिथे बोअरशिवाय दुसरा आधार नाही आणि मे महिन्यात टँकर येतो. माझ्या पदार्थाची खरी गरज तिथे आहे. भरलेली नळकांडी काढून तालुक्याच्या ठिकाणी न्यायची, तिथे जाणत्या माणसाकडून मोकळी करून आणायची आणि तोवर दुसरे नळकांडे चालू ठेवायचे, असा आराखडा मी मावशींना दाखवला. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि विचारले, “नेणारा-आणणारा माणूस कोण, अन् त्याचा पगार कोण देणार?” त्या प्रश्नावर आता मी, ग्रामसेवक आणि तांड्यावरचे दोन नाईक मिळून बसतो आहोत.