उपसर्गांची वही: ‘इन’ काही संपत नाही

मंडळी, ‘री’ आणि ‘प्री’ उरकून ‘इन’ला हात घातला होता. नकारार्थी ‘इन’चे इंग्रजी शब्द वर्णानुक्रमाने लावायचे, समोर अर्थ लिहायचा आणि पुढच्या उपसर्गाकडे वळायचं, एवढाच बेत. तो बारगळला. वही आता धातूंनुसार नव्याने मांडायला घेतली आहे. अशा मांडणीत एकेका पानावर जे जमतंय ते पाहून वर्णानुक्रमाकडे परत जावंसं वाटत नाही.

आधी किरकोळ कामं. ‘इन’ पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो हे आपल्याला ठाऊकच आहे: इललीगल, इरेग्युलर, इम्पॉसिबल. तत् + लीन = तल्लीन घोकून मोठे झालेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. हा संधी लॅटिनमध्येच झालेला आहे, इंग्रजीने शब्द तयार उचलले. नवा नकार घडवताना इंग्रजी सहसा आपला घरचा ‘अन’च वापरते; फेसबुकवर माणूस ‘अनफ्रेंड’ होतो, ‘इनफ्रेंड’ नाही. मधल्यामध्ये काही जोड्या मात्र अर्ध्या-अर्ध्या राहिल्या. विशेषण ‘अनइक्वल’, नाम ‘इनइक्वॅलिटी’. ‘अनजस्ट’, पण ‘इनजस्टिस’. ‘अनएबल’, पण ‘इनॅबिलिटी’. 1611च्या इंग्रजी बायबलात तर चक्क ‘अनपॉसिबल’ छापलेलं आहे.

जास्त वेळ खाल्ला तो दोन ‘इन’ वेगळे काढण्याने. एक ‘इन’ नकाराचा, दुसरा ‘आत, -मध्ये’ या अर्थाचा. दिसायला तंतोतंत सारखे. पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं त्यातला ‘इन’ दुसरा: ज्वाळेत जाणारं, पेट घेणारं. पण कुणी त्याचा अर्थ ‘न पेटणारं’ असा लावला तर जिवावर बेतायचं, म्हणून 1920च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेने ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरा असा आग्रह धरला. आता दोन्हींचा अर्थ एकच. ‘इनहॅबिटेबल’ची गंमत याहून मोठी. इंग्रजीत राहण्याजोगं, फ्रेंचमध्ये त्याच स्पेलिंगचा शब्द राहण्यास अयोग्य. ‘इन्सेक्ट’ही दुसऱ्याच गटातला: आत कापे पडलेला, म्हणजे खाचा-खाचांच्या अंगाचा जीव.

नकाराच्या गटात काही शब्द इतके मुरलेत की उपसर्ग दिसतच नाही. ‘इन्फंट’ म्हणजे न बोलणारं. ‘इनोसंट’ म्हणजे इजा न करणारा. ‘इंटीजर’ म्हणजे ज्याला हात लागलेला नाही असा; आपण त्याला पूर्णांक म्हणतो तेही त्याच अंगाने जातं. आणि ‘एनिमी’! लॅटिनमध्ये इन + अमिकस, जो मित्र नाही तो. संस्कृतातला ‘अमित्र’ असाच बांधलेला आहे, धातू मात्र वेगळा.

इथूनच वहीने दिशा बदलली. संस्कृतचा अ/अन्, ग्रीकचा अ/अन्, लॅटिनचा ‘इन’ आणि इंग्रजीचा ‘अन’ हे चारही एकाच आद्य नकाराचे वंशज आहेत, हे वाचलेलं होतं. मग प्रश्न असा की चारही उपसर्ग एकाच धातूला लागलेले शब्द किती सापडतील? अट माझी मी घातलेली: ग्रीक आणि लॅटिन नमुनाही आजच्या इंग्रजीत जिवंत हवा. तसे एका पानावर चारही भरले की त्याला मी ‘चौकडी’ म्हणतो.

पहिली चौकडी जाणण्याची. आपला ‘अज्ञात’. ग्रीककडून ‘अग्नॉस्टिक’, जो टी. एच. हक्सलीने 1869मध्ये घडवला. लॅटिनकडून ‘इग्नोरंट’. आणि इंग्रजीचा सरळ ‘अननोन’. त्यातला न उच्चारला जाणारा ‘के’ म्हणजे जुन्या ‘ग’चाच अवशेष. आपण ‘ज्ञ’चा ‘द्न्य’ करतो, त्यामुळे नातं कानाला लागत नाही. गुजराती माणूस ‘ग्नान’ म्हणतो तेव्हा चटकन लागतं. याच पानावर ‘अनकूथ’ही बसवला. त्याचा मूळ अर्थ फक्त ‘अनोळखी’. अनोळखी तो विचित्र, विचित्र तो असभ्य, असा घसरत तो आजच्या ‘गावंढळ’पर्यंत आला.

दुसरी चौकडी काबूत आणण्याची, आणि ही माझी सर्वांत लाडकी: ‘अदम्य’, ‘अडॅमंट’, ‘इन्डॉमिटेबल’, ‘अनटेम्ड’. संस्कृत ‘दम्’ आणि इंग्रजी ‘टेम’ सख्खे भाऊ. ‘अडॅमंट’च्या ग्रीक मुळाबद्दल काही विद्वान साशंक आहेत, म्हणून त्याच्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह ठेवलंय. त्याच ग्रीक शब्दाची झीज होऊन ‘डायमंड’ झाला. हट्टी माणूस आणि हिरा एकाच खाणीतले.

तिसरी नावाची. ‘अनाम’, ‘अनॉनिमस’, ‘इग्नॉमिनी’, ‘अननेम्ड’. ‘इग्नॉमिनी’ म्हणजे नाव जाणं, बेअब्रू. यातली पहिली जोडी उच्चाराने अगदी जुळी वाटते, पण जोड वेगळ्या जागी आहे: आपल्याकडे अ + नाम, ग्रीकमध्ये अन् + ओनिमा, कारण तिथे शब्दच स्वराने सुरू होतो. स्वरापुढे ‘अन्’, व्यंजनापुढे ‘अ’, हा नियम दोन्ही भाषांत एकच. अनंत आणि अनार्की एका बाजूला, अमर आणि अॅटम दुसऱ्या.

चौथी अडली आहे. ‘अमृत’, ‘अँब्रोझिया’, ‘इम्मॉर्टल’ हे तिघे एकाच ‘मृ’चे, देवांच्या खाण्यापिण्यापर्यंत अर्थही जुळतो. चौथी जागा रिकामी. इंग्रजीत या धातूचा घरचा वंशज आहे ‘मर्डर’, म्हणजे हिशोबाने ‘अनमर्डर्ड’ लिहायला हवं. लिहिणार नाही. ‘अनडाइंग’ चालला असता, पण ‘डाय’ वेगळ्या घराण्यातला.

बाजूला एक पान मराठीसाठीही ठेवलंय, अट न घालता. त्यावर सध्या ‘अनोळखी’, ‘अनमोल’ आणि ‘अनवाणी’ आहेत. शेवटचा अन् + उपानह, म्हणजे वहाणेविना. ‘अनमोल’च्या समोर ‘इनव्हॅल्युएबल’ लिहिलाय: मोल करता येणार नाही इतका मोठा, हा अर्थ दोघांतही तोच. नालायक, बेजबाबदार, गैरसमज हे फारसी-अरबी वळणाचे नकार या वहीत नाहीत, त्यांना वेगळी वही लागेल.

पुढचं काम ‘अन’चं. तिथेही दोन आहेत: ‘अनहॅपी’तला नकाराचा आणि ‘अनटाय’तला उलट क्रियेचा. दुसरा जर्मन ‘एन्ट’ आणि ग्रीक ‘अँटी’च्या गोतातला, आपल्या ‘अ’शी त्याचं नातं नाही. ‘अनलॉकेबल’ दोन्ही गटांत बसतो, कुलूप लावता न येणारं आणि कुलूप काढता येणारं, म्हणून त्याची चिठ्ठी दोनदा केली.

कुणाकडे चौथी पूर्ण चौकडी असेल तर पाठवा. चारही शब्द एकाच धातूचे हवेत. नुसता अर्थ जुळून भागणार नाही.