रक्त घट्ट होतं तेव्हा डोळ्याची नस सुजते

पॉलिसायथेमिया व्हेरा या दुर्मिळ आजारात अस्थिमज्जा गरजेपेक्षा जास्त लाल पेशी तयार करते. रक्त दाट होतं आणि मेंदूतल्या शिरांत गुठळी होऊ शकते. मग कवटीतला दाब वाढतो आणि दोन्ही डोळ्यांच्या नसांचं टोक सुजतं.

खानापूर-निपाणीकडे लोक आधी चष्म्याच्या दुकानात जातात. तिथे नजर ६/६ भरते, कारण सुरुवातीला ती शाबूतच असते. वाकून उठताना काही सेकंद अंधारी येणं, सकाळी डोकं ठणकणं, गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंग खाजणं, चेहरा लालबुंद दिसणं, या खुणा एकत्र आल्या तर बेळगावला जाऊन बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्याच. थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं, तेव्हा परतताना गाडी दुसऱ्याने चालवावी.

सूज दिसली की त्याच दिवशी एमआरआयसोबत शिरांचा एमआर व्हेनोग्रामही हवा. नुसत्या एमआरआयमध्ये गुठळी निसटू शकते. कवटीतला दाब मोजायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं ते त्यानंतरच.

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीत, पुरुषाचं हिमोग्लोबिन १६.५ च्या वर किंवा हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ४९ टक्क्यांच्या वर असेल (बाईसाठी १६ आणि ४८), तर जेएके२ या जनुकातला, या आजारात आढळणारा बदल शोधणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवतात, गुठळीसाठी रक्त पातळ करणारी औषधं देतात. रक्त काढल्याने लोह कमी होतं. ते पाहून कुणी परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, तर हिमॅटोक्रिट पुन्हा चढतो.