सोलापुरी चादर 'सोला'वरच का तुटली? माझा सॉकेट प्रोग्रॅमिंगचा अनुभव

सॉकेट, म्हणजे दोन प्रोग्रॅम नेटवर्कवरून ज्यातून बोलतात ते टोक, नीट कळावं म्हणून पायथनमध्ये छोटा वेब सर्व्हर लिहायला घेतला. बाइंड (पत्ता ठरवणं), लिसन (कनेक्शनची वाट पाहणं), ॲक्सेप्ट (आलेलं कनेक्शन स्वीकारणं) इथपर्यंत काहीच अडलं नाही. ॲक्सेप्ट दर कनेक्शनला नवं सॉकेट देतो आणि बोलणं त्या नव्यावर करायचं, एवढं ध्यानात ठेवा.

क्लासच्या नोट्समधलं इंग्रजी 'हॅलो वर्ल्ड' लगेच दिसलं. त्याच जागी मी 'सोलापुरी चादर' टाकलं, तर ब्राउझरवर आलं नुसतं 'सोला' आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.

क्लासमधले सर म्हणाले, "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, इंग्रजीच ठेव." फॉन्ट बदलले, ब्राउझर बदलला. हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळींत, यूटीएफ-8 (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) आधीपासून होतं. तरी 'सोला'च. अहो, फॉन्टचा दोष असता तर अक्षरांच्या जागी चौकोन आले असते, अख्खी चादर गायब कशी होईल? हे ऐकूनही कुणी घेतलं नाही, त्याचा राग अजून आहे.

उलगडा झाला तो टर्मिनलवर कर्लमधून (सर्व्हरचं उत्तर ब्राउझरशिवाय दाखवणारं साधन). सविस्तर माहितीचा पर्याय लावून चालवलं तेव्हा त्याने सांगितलं, 24 बाइट जास्तीचे आलेत. मजकूर किती लांब ते सांगणाऱ्या कंटेंट-लेंग्थ या हेडरला बाइटची संख्या हवी असते आणि नोट्समधला कोड त्यात स्ट्रिंगची लांबी, म्हणजे चिन्हांची संख्या, भरत होता. पायथन काना, मात्रा, वेलांटी सुटी मोजतो, म्हणून मधली जागा धरून 13. यूटीएफ-8 मध्ये मात्र देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, जागेचा 1, एकूण 37. ब्राउझरने 13 बाइट घेतले: 'सोला'चे 12 आणि 'प'चा एक तुकडा. तेच ते प्रश्नचिन्ह! 'हॅलो वर्ल्ड' इंग्रजीत 11 चिन्हं आणि 11च बाइट, त्यामुळे ही चूक तिथे कधी उघडीच पडत नाही.

उपाय एका ओळीचा. आधी मजकूर एनकोड करा, म्हणजे बाइटमध्ये बदला, मग त्या बाइटची लांबी मोजा. आपल्या सोलापुरात मराठीच्या जोडीला तेलुगू आणि कन्नड घराघरात बोलतात, आणि त्या लिप्यांचं चिन्हही 3 बाइटचंच. इथल्या मुलांना पहिलं उदाहरण आपल्या लिपीतलंच द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

हो, सुरुवातीलाच सांगायचं राहिलं: सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की 'पत्ता आधीच वापरात आहे' असा एरर येतो. लिनक्स जुनं कनेक्शन 60 सेकंद धरून ठेवतो. बाइंडच्या आधी रीयूज-ॲड्रेसचा पर्याय लावा, थांबावं लागत नाही. हेडर संपल्यावर रिकामी ओळ हवीच. एका पानासाठी दोन रिक्वेस्ट दिसल्या तर घाबरू नका, दुसरी बहुधा टॅबवरच्या छोट्या चित्रासाठी असते.

आणि घरच्या वायफायवर मोबाइलमधून पान उघडायचं असेल तर 127.0.0.1 (फक्त हाच संगणक) ऐवजी 0.0.0.0 (संगणकाचे सगळे पत्ते) वर बाइंड करा. आईच्या फोनवर पूर्ण 'सोलापुरी चादर' उमटली, तेव्हा मी तो स्क्रीनशॉट सरांना पाठवला.