22 मिनिटांची गोळी

एम.फार्म.च्या तिसऱ्या सेमिस्टरला विषय ठरवायची वेळ आली तेव्हा आमच्या वर्गात प्रत्येकाकडे काही ना काही नॅनो होतं. नॅनोपार्टिकल, नॅनोजेल, नॅनोइमल्शन. माझ्याकडे केळी होती.

यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. यावल तालुक्यातलं घर, साडेतीन एकर केळी आणि महागडं पॉलिमर विकत आणायला पैसे नाहीत, एवढंच कारण. सर म्हणाले, "घरचं काही वापरता येतं का बघ." पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची साधी गोळी घ्यायची, आणि ती पोटात गेल्यावर फुटावी म्हणून तिच्यात जो मक्याचा स्टार्च घालतात त्याच्या जागी कच्च्या केळीचा स्टार्च घालायचा. स्टार्चचे कण पाणी आत ओढतात, फुगतात आणि गोळी आतून उकलते. केळी कच्ची असताना तिच्या गरात पाणी सोडलं तर बहुतेक स्टार्चच असतो; पिकली की त्याची साखर होते. म्हणजे माल हिरवागार असतानाच गाठायचा.

नानांनी कापणीच्या दिवशी घडाच्या शेवटच्या फणीतली बारकी केळी बाजूला काढून दिली. तशीही व्यापारी ती घेत नाही. हातमोजे घालून मी ती सोलायला बसले तेव्हा आई दारात उभी राहून बघत होती. "काय करून रायली वं माय त्या केयांचं?" तिला सांगितलं, गोळ्या. ती हसली नाही, पण तिने मला जुना गाउन आणून दिला. केळीचा चीक कपड्यावर पडला की निघत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी मात्र कॉलेजचा पांढरा ॲप्रन घालून बसले होते, कारण पद्धत म्हणजे पद्धत.

सोललेल्या चकत्या लगेच सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात टाकायच्या, नाहीतर पाच मिनिटांत काळ्या पडतात. मग मिक्सर, मलमलचं फडकं, आणि गाळलेलं पाणी रात्रभर निवळत ठेवायचं. सकाळी तळाला पांढरा थर बसतो, वरचं तपकिरी पाणी ओतून द्यायचं, पुन्हा धुवायचं. सहा-सात धुण्यांनंतर तो थर खडूसारखा शुभ्र होतो. ओला असताना बोटाने दाबला तर दगड, बोट सैल केलं तर दही. या खेळात मी एक अख्खी दुपार घालवली, ते प्रबंधात लिहिलेलं नाही.

पहिल्या दोन बॅचेस सप्टेंबरात आणि डिसेंबरात झाल्या. ओव्हन 45 अंशांवर, रात्रभर. गोळ्या पाडताना पॅरासिटामॉलने त्याचा स्वभाव दाखवलाच: मशीनमधून बाहेर पडताना गोळीची वरची चकती टोपीसारखी उडते, त्याला कॅपिंग म्हणतात, आणि या औषधाची त्याबद्दल ख्याती आहे. ग्रॅन्यूलमधला, म्हणजे गोळी पाडायच्या आधीच्या दाण्यांमधला ओलावा आणि मशीनचा दाब यांचा मेळ बसवण्यात तीन आठवडे गेले. पण नंतर सगळं सुरळीत. गोळी किती झिजते ते बघायच्या फिरत्या डब्यात, फ्रायबिलेटरमध्ये, 100 फेरे मारून वजनातली घट एक टक्क्याच्या आत. डिसइंटिग्रेशनला, म्हणजे गोळी पाण्यात फुटायला, फार्माकोपिया (औषधांच्या मानकांचा अधिकृत ग्रंथ) साध्या गोळीला 15 मिनिटं देते. माझी गोळी चार मिनिटांच्या आत जाळीतून खाली. सर खूश. शीर्षकात "नॉव्हेल", म्हणजे अगदी नवं, हा शब्द घालायचं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

फेब्रुवारीत तिसरी बॅच केली. निष्कर्ष पुन्हापुन्हा तसेच येतात हे दाखवायला तीन बॅचेस हव्यात. गोळी टाकली आणि स्टॉपवॉच लावला. चार मिनिटं झाली, आठ झाली. पाण्यात गोळीचा कडा तेवढा मऊ झाला होता, मध्ये गर तसाच. 22 मिनिटांनी शेवटचा तुकडा खाली पडला. सहाच्या सहा नळ्यांत तीच कथा.

मग सुरू झाला तो महिना. आधी वाटलं, दाब जास्त झाला असेल, गोळी कडक झाली. हार्डनेस मोजला तर आधीसारखाच. मग डिझोल्यूशनकडे, म्हणजे औषध किती वेगाने विरघळतं ते मोजण्याकडे वळले. यूएसपीप्रमाणे, म्हणजे अमेरिकी फार्माकोपियाप्रमाणे, 900 मिलिलिटर फॉस्फेट बफर, पीएच 5.8, पाणी 37 अंशांवर, पॅडल मिनिटाला 50 फेरे, आणि 30 मिनिटांत निदान 80 टक्के औषध विरघळायला हवं. जुन्या दोन बॅचेस पहिल्या 15 मिनिटांतच त्यापुढे जात होत्या. नवीन बॅच रखडत होती. बफर गरम करून, व्हॅक्यूम लावून त्यातली हवा काढली, कारण बुडबुडे गोळीला चिकटले की गोळी अर्धी कोरडीच राहते. पॅडल तळापासून 25 मिलिमीटरवर आहे का ते पट्टीने तपासलं. दर वेळी पाच मिलिलिटर नमुना काढला की तेवढाच ताजा बफर परत ओतायचा, हे मी एकदा विसरले होते म्हणून तेही पुन्हा केलं. विरघळलेलं औषध प्रकाशाने मोजणाऱ्या यूव्ही यंत्रावर 243 नॅनोमीटरला ॲब्झॉर्बन्स (शोषलेला प्रकाश) एकच्या वर जाऊ नये म्हणून नमुने नीट पातळ केले. आयोडीनचा थेंब टाकून स्टार्च खरंच स्टार्च आहे ना तेही पाहिलं. गडद निळा. मग अडलं कुठे?

सर म्हणाले, "आउटलायर आहे, सोडून दे. दोन बॅचेस पुरतील." हे वाक्य किती सोयीचं आहे ते तुम्हाला मार्च महिन्यात, सबमिशन तोंडावर असताना कळतं. मी खरंच सोडून देणार होते. माझ्या टेबलावरच्या फाइलमधून तिसऱ्या बॅचची पानं काढूनही ठेवली होती.

रामनवमीला घरी गेले तेव्हा तिसऱ्या बॅचचा उरलेला स्टार्च डब्यातून सोबत होता. कशासाठी घेतला होता ते आता आठवत नाही. आई उन्हाळी कामाच्या गडबडीत होती, ओसरीवर बाजेवर फडकं पसरून कुरडया वाळत घातलेल्या. तिने माझा डबा उघडला, चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन उन्हात धरलं आणि म्हणाली, "कुरडईचा चुरा हाये का हा?"

मी बघितलं. पांढऱ्या पिठात बारीक, काचेसारखे, किंचित पिवळसर कण चमकत होते. माझ्या डोळ्यांसमोर तो डबा महिनाभर होता.

"हे तं शिजेल हाये," ती म्हणाली आणि पुन्हा कुरडया उलटायला गेली.

कुरडई म्हणजे गव्हाचा चीक शिजवून वाळवलेला. कच्चा स्टार्च वाळला की पांढरा, भुसभुशीत राहतो. पाण्यासकट तापला की त्याचा कण फुटून खळ होते, आणि ती खळ वाळली की काच. केळीच्या स्टार्चला त्यासाठी सुमारे 70 अंश आणि त्यापुढची उष्णता लागते. पण माझा ओव्हन तर 45 वर होता. वहीत तसं लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

त्या रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या आठवलं. फेब्रुवारीत सोमवारी सेमिनार होता. शुक्रवारी संध्याकाळी दिवे गेले होते, ओव्हन दोन तास बंद होता, आणि परत सुरू करताना मी तो 80 वर ठेवला होता. म्हटलं, लवकर वाळेल. वहीत नोंद मात्र मी आधीच्या पानावरून उतरवली होती: "45 अंश, 12 तास." खोटं लिहायचं म्हणून नाही, सवयीने. खरं सांगायचं तर हे खोटं लिहिण्यापेक्षा वाईट होतं, कारण खोटं लिहिणाऱ्याला निदान माहीत असतं.

आता हे सिद्ध करायचं कसं? आमच्या प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप साधा. शेजारच्या सायन्स कॉलेजात भूगर्भशास्त्राचा विभाग आहे, तिथे खडकाच्या पातळ चकत्या बघायचा ध्रुवीकृत प्रकाशाचा मायक्रोस्कोप आहे. तिथल्या मॅडमनी एक शब्द न विचारता किल्ली दिली. पहिल्या बॅचचा स्टार्च ग्लिसरीनच्या थेंबात ठेवला, दोन्ही पोलरायझर (प्रकाश गाळणाऱ्या चकत्या) एकमेकांना काटकोनात फिरवले. अख्खं क्षेत्र काळं झालं, आणि त्या काळ्यात लांबट कण दिव्यांसारखे पेटले. प्रत्येकावर काळी फुली, मधोमध नाही, एका टोकाकडे सरकलेली. स्टार्चच्या कणात रेणू एका शिस्तीत रचलेले असतात म्हणून तो प्रकाश वळवतो. शिजला की शिस्त मोडते, आणि कण विझतो.

तिसऱ्या बॅचची काच लावली. तुरळक फुल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये मोठमोठे विझलेले ठिपके. आयोडीन का फसलं तेही कळलं. शिजलेला स्टार्चही आयोडीनला निळाच होतो. मॅडम डोळा लावून म्हणाल्या, "बसाल्टपेक्षा बरं दिसतंय." मी तिथेच उभ्या उभ्या फोनवर फोटो काढला, तोच प्रबंधात गेला.

मग चौथी बॅच मुद्दाम दोन भागांत केली. एकाच दिवसाची केळी, एकाच पातेल्यातला स्टार्च, अर्धा 45 वर, अर्धा 80 वर. या वेळी ओव्हनच्या दाराशी थर्मामीटर बांधला आणि दर दोन तासांनी आकडा लिहिला, रात्री हॉस्टेलच्या वॉचमनकाकांना विनवण्या करून. पहिला भाग चार मिनिटांच्या आत, दुसरा 20 च्या पुढे. सरांनी दोन मिनिटं तक्ता बघितला आणि म्हणाले, "बरं, हा वेगळा चॅप्टर कर." त्यांच्याबद्दल माझी जी तक्रार होती ती त्यामुळे निम्मी कमी झाली.

निम्मी उरली ती "नॉव्हेल"वरून. मक्याच्या स्टार्चशी तुलना केली तर केळीचा स्टार्च त्याच्या बरोबरीचा निघाला, वरचढ नाही. गोळी झटकन फुटावी म्हणून खास बनवलेल्या सोडियम स्टार्च ग्लायकोलेटपुढे तर दोघेही मागे पडले, तेही तो अर्ध्याहून कमी घातला असताना. शीर्षकातून तो शब्द काढायला मला तीन बैठका लागल्या.

मे महिन्यात व्हायवा. बाहेर 44 अंश, हॉलमधला कूलर गरम वारा सोडतोय. स्टॅबिलिटीसाठी औषध 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेला सहा महिने ठेवतात. माझे तीनच महिने झाले होते आणि ते मी स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून त्यावर फार बोलणी बसली नाहीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी माझी तीन पानं उडवली. दोन्ही गोळ्या 15 मिनिटांत 85 टक्क्यांच्या वर विरघळत असतील तर एफ2, म्हणजे दोन गोळ्यांचं विरघळणं किती सारखं आहे तो आकडा, काढायची गरजच काय? मान्य. मग त्यांनी विचारलं, "शिजलेला स्टार्च वाईट म्हणता, मग स्टार्च 1500 काय आहे?" तो अंशतः शिजवलेला मक्याचाच स्टार्च, आणि गोळी फोडायलाही वापरतात. मी अडखळले. त्यांनीच वाट दाखवली: किती भाग शिजला आणि तो ठरवून शिजवला की चुकून, यात फरक आहे ना?

शेवटचा प्रश्न मेडिकल कॉलेजातून आलेल्या फार्माकॉलॉजीच्या डॉक्टरांचा. "हे सगळं काचेच्या भांड्यात. पेशंटला काय फरक पडतो?" मला ऑस्ट्रेलियातलं उदाहरण माहीत होतं. 1968 च्या सुमारास तिथे फिटच्या आजारावरच्या फेनिटोइनच्या कॅप्सूलमध्ये भर म्हणून घातलेलं कॅल्शियम सल्फेट बदलून लॅक्टोज घातलं गेलं. औषधाची मात्रा तीच. पण रुग्णांच्या रक्तात फेनिटोइन वाढलं आणि विषबाधेची लक्षणं दिसू लागली; आधीची भर औषधाला थोडं अडवून धरत होती. भर म्हणजे नुसती भर नसते, असं म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "मग तुमच्या गोळीचं रक्तात काय होतं?" मी म्हटलं, ते मी तपासलेलं नाही, गोळी कोणालाच दिलेली नाही. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

निकालानंतर डबा परत घरी नेला. आईने तिसऱ्या बॅचचं पीठ गॅसवर ठेवून उरलंसुरलंही शिजवलं आणि नानांच्या टोप्यांना खळ केली. टोप्या अजून कडक आहेत. ॲप्रनवरचा चिकाचा डाग मात्र तिलाही निघाला नाही.